शिंपी पक्षी पान शिवताना गाठ मारतो का? त्याचं घरटं असलेली कुंडी हलवली तर चालेल का?

गाठ मारत नाही. एक घरटं टाचणीने टाका टाका उसवून पाहिलंय, म्हणून ठामपणे सांगतो.

यावल तालुक्यात आमचा मळा, भरताच्या वांग्यांचा. मी नववीत होतो. भाद्रपदात एका रुंद पानाची पुंगळी झालेली दिसली. आत तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली. काकांना बोलावलं. ते बांधावरूनच म्हणाले, "पानं गुंडायनारी अयी हाये ती," आणि संध्याकाळी सगळ्या वाफ्यावर फवारा मारला. मी पंपाची नळी धरली, तर मला घरी हाकललं. सकाळी पिल्लं मेलेली. मादी चोचीत हिरवी अळी धरून शेजारच्या झाडावर बसलेली. ज्या अळीसाठी फवारा मारला, ती हा पक्षी दिवसभर वेचतो!

आठवड्याने ते पान घरी आणलं. दोन्ही काठांना चोचीने पाडलेली बारीक भोकं. बांधावर अडकलेल्या मागल्या हंगामाच्या कापसाचे तंतू त्यांतून ओवलेले, मधे कोळ्याचं जाळंही. भोकाबाहेर तंतू पिंजून त्याचं बोंडूक होतं, तेच टाका अडवून धरतं. गाठ एकही नाही. पान देठाला तसंच असल्यामुळे हिरवं राहतं, म्हणून घरटं नजरेत येत नाही. नाव शिंपी, पण शिवते मुख्यतः मादीच.

अळीच्या पुंगळीत विष्ठा असते, पान कुरतडलेलं असतं. हा फरक जवळ जाऊन वाकलं की कळतो. काका वाकले नाहीत. लग्नकार्यात भेटले की अजूनही म्हणतात, अळीच होती. नव्हती.

वांग्याला कीड लागते, फवारावं लागतं, हे मला मान्य आहे. मीही शेती करतो. पण आधी बघून.

तुमची कुंडी आत्ता हलवू नका. अंडी उबायला साधारण १२ दिवस, पिल्लं उडायला त्यापुढे आणखी दोन आठवडे. पाणी बुंध्याशीच घाला. घरटं रिकामं वाटलं तरी दोन दिवस लांबून लक्ष ठेवा, मादी खायला गेलेली असते. आणि घरातलं कुणी मोठं माणूस कीड म्हणून औषध आणायला निघालं, तर आधी त्यांना पानाच्या काठची भोकं दाखवा.