रेव्हिटमध्ये नवीन आहेस? आधी फाइल सांभाळायला शीक

रेव्हिट म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल आणि ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर. त्याच्या कमांड हळूहळू येतील, घाई नको. पण फाइलची शिस्त पहिल्या आठवड्यातच लागायला हवी.

१. 'फायनल', 'फायनल २' अशा फाइली करू नकोस, सुरुवातीला सगळे हीच चूक करतात. चालू मॉडेलचं नाव एकच ठेव. ड्रॉइंग साइटवर गेलं की त्या दिवसाची प्रत आणि पीडीएफ तारखेच्या फोल्डरमध्ये टाक. त्या प्रतीला पुन्हा हात लावायचा नाही.

२. प्रोजेक्ट कोणत्या वर्षाच्या रेव्हिटमध्ये आहे ते आधी विचार. २०२४ मध्ये सेव्ह केलेली फाइल २०२३ मध्ये उघडतच नाही. आमच्याकडे एकाने सवयीने नव्यात उघडून सेव्ह केली, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरांकडे जुनं रेव्हिट होतं. नावापुढे .०००३ असा आकडा असलेल्या बॅकअपने वाचवलं, तरी दिवसभराचं काम पुन्हा करावं लागलं.

३. ड्रॉइंगमधल्या बदलाभोवती रिव्हिजन क्लाउड, म्हणजे ढगासारखी रेघ, काढ. वर्णनात नुसतं 'क्लायंटचे बदल' नको. 'दुसरा मजला, जिन्याची रुंदी १२०० ची १५०० मिमी' असं लिही, कंत्राटदार तेच वाचतो. शीट पाठवल्यावर 'इश्यूड'वर टिक कर, म्हणजे ते रिव्हिजन कुलूपबंद.

वर्कशेअरिंग (एकाच मॉडेलवर अनेकांनी काम करणं) आणि डिझाइन ऑप्शन (एकाच मॉडेलमध्ये डिझाइनचे पर्याय ठेवणं) सध्या बाजूला ठेव. एक छोटा बंगला असा पूर्ण कर, मग पुढचं बोलू.