इमारतीला आधी विचार, पैसे कुणाचे?

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

लीड्सला राहून सुट्टीच्या दिवशी आसपासची गावं बघायची म्हणतोस, त्यांचा इतिहास समजून घ्यायचा म्हणतोस आणि माझ्याकडे यादी मागतोस. यादी देत नाही. यादी हातात असली की फिरणं होतं, फोटो होतात, गाव मात्र निसटतं. एकच गाव घे, हॅलिफॅक्स. गाडीनं तासाच्या आत पोचशील. वर्षभर तिथेच जात राहा. किल्ले आणि कॅथीड्रलं सगळेच बघतात. मला इंग्लंड थोडंफार कळलं ते या काजळी धरलेल्या कापडाच्या गावांतून.

स्टेशनातून बाहेर पडलास की आधी पीस हॉल, म्हणजे जुना कापडबाजार, गाठ. १ जानेवारी १७७९ रोजी तो उघडला. मधे भलामोठा चौक, चारही बाजूंना खांबांच्या ओवऱ्या, त्यांत ३१५ खोल्या. चौसोपी वाडाच म्हण, पण यात राहायला कुणी नव्हतं, नुसता बाजार. जमीन उताराची, म्हणून पश्चिमेला दोन मजले आणि पूर्वेला तीन. आत शिरताच कॉफी प्यायला बसू नकोस. एखाद्या खोलीची रुंदी पावलांनी मोज आणि स्वतःला विचार, एवढ्या मोठ्या वास्तूत खोल्या इतक्या लहान का? कारण इथे माल आणणारा माणूस लहान होता. डोंगरउतारावरच्या घरात हातमागावर विणलेले तागे घेऊन तो शनिवारी यायचा. बाजार चालायचा दोनच तास, घंटेवर सुरू आणि घंटेवर बंद. आणि ही वास्तू राजानं किंवा उमरावानं उभारलेली नाही. कापडवाल्यांनी वर्गणी काढून बांधली, तरी थाट थेट रोमन! तो थाट कुणाला दाखवायचा होता, याचा विचार तूच कर. माझं मत विचारशील तर बाहेरगावच्या खरेदीदारांना.

मग दुसरा प्रश्न, हा बाजार मोडला कसा? यंत्रांच्या गिरण्या आल्या. गिरणीमालक आपला माल थेट विकायचा, त्याला इथली खोली कशाला हवी? ओवऱ्या ओस पडत गेल्या आणि १८७१ मध्ये तिथे भाजी-फळांचा घाऊक बाजार भरू लागला. २०१७ मध्ये मोठी डागडुजी होऊन ती जागा पुन्हा उघडली. दुकानांच्या पाट्या बघताना भाजीबाजाराची ती शंभरेक वर्षं विसरू नकोस. मार्गदर्शकांच्या बोलण्यात ती भुर्रकन उडून जातात.

पीस हॉलला लागूनच एक एकटा सुळका दिसेल, मागे चर्चच नाही. ते स्क्वेअर चर्च, १८५७ चं. १९७१ च्या आगीनंतर उरलेलं. नवं ग्रंथालय त्याला बिलगून बांधलंय. आता गावाच्या उत्तरेला हेली हिलवर बघ, तिथे दुसरा सुळका आहे, ऑल सोल्स चर्चचा, १८५९ चा. उंची दोघांची जवळजवळ सारखीच. पहिल्यामागे गालिचे विणणाऱ्या क्रॉस्ली घराण्याचा पैसा, दुसऱ्यामागे लोकरी कापडाच्या गिरण्यांचा मालक एडवर्ड अ‍ॅक्रॉइड याचा. क्रॉस्ली सरकारी चर्चच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, बाहेरच्या पंथाचे, अ‍ॅक्रॉइड कट्टर सरकारी चर्चचा. गावातली धर्माची आणि प्रतिष्ठेची चुरस तुला आकाशात उभी दिसेल. ती कळायला एकही पुस्तक उघडावं लागत नाही. पुस्तकं नंतर.

ऑल सोल्सचा वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. नाव ओळखीचं वाटत असेल तर बरोबर आहे, मुंबईचा राजाबाई टॉवर त्याच्याच आराखड्यावर उभा राहिला. स्वतः तो मुंबईत कधी आला नाही, आराखडे लंडनहून पाठवले. टॉवरला पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी, आईच्या नावानं, आणि तो पैसा कापसाच्या व्यापारातला. इकडे लोकर, तिकडे कापूस आणि कागदावर हात एकाच माणसाचा. मात्र इंग्लंडात जाऊन प्रत्येक भिंतीत मुंबई शोधत बसू नकोस. ती सवय लागली की समोरचं गाव दिसेनासं होतं.

चर्चच्या जवळच अ‍ॅक्रॉइडन नावाची वसाहत आहे आणि सगळ्या हॅलिफॅक्समध्ये माझी आवडती जागा तीच. अ‍ॅक्रॉइडनं १८६१ च्या सुमारास ती वसवायला घेतली. कामगारांनी हप्त्यानं घर विकत घ्यावं ही कल्पना. त्याला गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीचं वेड, तेव्हा घरंही गॉथिक. आणि ज्यांच्यासाठी बांधली त्यांनीच नाकं मुरडली! घरं जुनाट आहेत, उजेड कमी आहे आणि छपरातल्या त्या खिडक्यांमुळे ती गरिबांच्या धर्मादाय घरांसारखी दिसतात, असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या कमाईनं घर घेणाऱ्याला ते झोंबणारच. मग दारांवर दगडी ढालीत मालकांची आद्याक्षरं कोरली गेली. शेठजीच्या हौसेपुढे कामगारांचा मान कुठवर टिकला, हे ती अक्षरं सांगतात. दारादारांवरून सावकाश बघत जा. लोक आत राहतात, तेव्हा खिडक्यांतून डोकावू नकोस आणि फोटोला विचारून हात घाल.

वेनहाउस टॉवरच्या गोष्टीपासून जरा सावध. १८७१ ते १८७५ मध्ये बांधलेलं हे कापड रंगवण्याच्या कारखान्याचं धुराडं, आत ४०३ पायऱ्या, वर नक्षीदार सज्जे. शेजाऱ्याच्या आवारात डोकावता यावं म्हणून जॉन वेनहाउसनं ते बांधलं, असं गावात कुणीही सांगेल. दोघांचं वैर खरं होतं. पण धूर उंच सोडण्याची गरजही खरी होती, कारण धुरावर निर्बंध नुकतेच आले होते. पुढे कारखाना विकला गेला आणि धुराडं म्हणून ते कधी वापरलंच गेलं नाही. दंतकथा टाकून देऊ नकोस, वहीच्या वेगळ्या पानावर लिही. लोकांना काय आठवायला आवडतं तेही कळायला हवं.

आता कागद. इमारतींची सरकारी सूची इंटरनेटवर फुकट आहे; ग्रेड एक, दोन-तारा आणि दोन अशा तिच्या श्रेण्या. नोंदी रुक्ष असतात, पण तारखा आणि बदल नीट दिलेले असतात. मग ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-खात्याचे जुने नकाशे एकावर एक ठेवून बघ, म्हणजे कोणती गिरणी कधी उगवली आणि कधी पुसली गेली ते दिसेल. शेवटी दर दहा वर्षांची जनगणना. अ‍ॅक्रॉइडनमधलं एक घर निवड, १८७१ च्या नोंदीत तिथे कोण राहत होतं आणि काय काम करत होतं ते शोध. ग्रंथालयातले लोक मदत करतात, फक्त आधी प्रश्न ठरवून जा. 'मला इतिहास हवाय' म्हणून गेलास तर तेही बिचारे काय देणार?

सप्टेंबरात हेरिटेज ओपन डेज असतात, एरवी बंद असलेल्या वास्तूही तेव्हा उघडतात. काहींना आधी नाव नोंदवावं लागतं आणि जागा पटकन भरतात, म्हणून ऑगस्टातच बघून ठेव. आणि टॉवरवर जाणार असशील तर चांगले बूट घाल. तो ठरावीक दिवशीच उघडतात.

तुझा,
काका