अर्धांगवायूनंतर उजवा हात साथ देत नाही, कॅमेरा कोणता घ्यावा?

बाबांना डाव्या हातानेच फोटो काढायचे आहेत, असं तुम्ही लिहिलंय. अडचण एकच, बाजारातल्या जवळपास सगळ्या कॅमेऱ्यांची पकड आणि शटरचं बटण उजवीकडेच असतं. त्यामुळे मेगापिक्सेल विसरा, शटर किती मार्गांनी दाबता येतं ते आधी बघा.

माझ्या मामांचीही हीच गत. त्यांनी कॅनन आर50 घेतला. बॅटरी-कार्डासकट जेमतेम 375 ग्रॅम, लेन्सचं वजन वेगळं. स्क्रीन बाजूला उघडून फिरते आणि तिच्यावर बोट टेकवलं की फोकस होऊन फोटो निघतो. ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो टिपताना ते कॅमेरा मोनोपॉडवर (एकाच पायाच्या स्टँडवर) लावतात, मोनोपॉड गुडघ्यांत धरतात आणि डाव्या अंगठ्याने स्क्रीनला टिचकी मारतात. बघताना गंमत वाटते, पण फोटो झकास येतात!

ट्रायपॉड असेल तर छोटा ब्लूटूथ रिमोट डाव्या मुठीत ठेवायचा. मोबाइल ॲपनेही जमतं, पण जोडणी तुटली की चिडचिड होते.

झूमची रिंग फिरवणं मात्र एका हाताला जिकिरीचं. त्यावर सोनी झेडव्ही-ई10 बरा, पॉवर झूम (मोटरवर चालणारी) लेन्स लावली की झूम खटक्यावर चालतो. कॅमेऱ्यावरचा तो खटका शटरभोवती, म्हणजे पुन्हा उजवीकडेच, पण सोनीच्या 16-50 पॉवर झूम लेन्सच्या डाव्या कडेलाही झूमचा खटका असतो.

ऑनलाइन मागवू नका. ठाण्यात नौपाड्यातल्या किंवा स्टेशनजवळच्या दुकानात बाबांनाच घेऊन जा, दहा मिनिटं हातात धरू द्या. बॅटरीचं झाकण आणि कार्ड एका हाताने निघतं का, तेही तिथेच बघा. मामांना अजून मामीच लागते त्याला.