आभार एक मोसम आधी

प्रिय बाळास,
अनेक आशीर्वाद.

घरच्यांनी वाढवलेला गोठा आता तुझ्या हाती येतोय. त्यांच्याबद्दल आणि जनावरांबद्दल मन भरून येतं, पण ते दाखवावं कसं कळत नाही, असं लिहिलंस. माझं मत सरळ आहे. गोठ्यात आभार बोलून फिटत नाहीत. जनावराला पुढच्या मोसमात जे लागणार आहे, ते या मोसमात करून ठेवायचं. आणि त्या कामाची वेळ टळली की टळलीच.

मुरघासाचंच बघ, म्हणजे हिरवा चारा बारीक कापून हवाबंद खड्ड्यात दाबून टिकवतात तो. सगळीकडे हिरवं असतं तेव्हा वैरणीची चिंता कुणाच्या मनात नसते; हिशोब नेमका तेव्हा मांडायचा. दहा दुभत्या गाई, प्रत्येकीला रोज १५ किलो मुरघास आणि टंचाईचे १२० दिवस धरले तर १८ टन होतात. नासधूस धरून २० म्हण. नीट दाबलेला मुरघास घनमीटरला साधारण ५०० ते ६०० किलो बसतो, म्हणजे खड्डा ३५ ते ४० घनमीटरचा हवा. मक्याचा दाणा दुधाळपणा सोडून पिठाळ व्हायला लागला की कापणी करायची. तेव्हा ओलावा ६५ ते ७० टक्के असतो. कुट्टी, म्हणजे बारीक कापलेला मका, मुठीत घट्ट आवळून सोड. गोळा हळूहळू सुटला आणि तळव्याला पाणी लागलं नाही, तर खड्डा भरायला घे. थर टाकायचा, तुडवायचा, पुन्हा थर. आत हवा राहिली की बुरशी आलीच. शेवटच्या थरापर्यंत सगळे दमलेले असतात, तो कसाबसा उरकतात, आणि सर्वांत जास्त नासतो तोही वरचाच थर. झाकल्यावर दीड महिना तिकडे फिरकू नकोस.

वाळल्या वैरणीला मात्र उलटा नियम. ओलावा १५ टक्क्यांच्या आत आल्याशिवाय गंज रचू नकोस. ओलसर गंज आतून तापतो, कधीकधी आपोआप पेटही घेतो.

उन्हाळ्यात सावली आणि पाणी, बाकी सगळं नंतर. भर उन्हाळ्यात दुभती गाय दिवसाला १०० लिटर पाणी सहज पिते. चारा पचताना तिच्या पोटात उष्णता तयार होते, म्हणून वैरणीचा जास्त वाटा पहाटे आणि रात्री टाक. दूध घटलं की गाईला नावं ठेवणारे भेटतील. त्यांना आधी पाण्याचा हौद दाखव.

आता भाकड गाईबद्दल. माझ्या मते गोठेवाल्याची नियत इथेच कळते. वेण्याआधी सुमारे ६० दिवस गाय आटवायची, म्हणजे तिची धार बंद. धार बंद झाली की पुष्कळ घरांत तिची पेंडही बंद होते, आणि ती कडेच्या खुंट्याला जाते. खरं तर याच दोन महिन्यांत पोटातलं वासरू सर्वांत झपाट्याने वाढतं आणि कास पुढच्या वेतासाठी नव्याने तयार होते. जी आज काहीच देत नाही, तिच्यापुढे चांगली गव्हाण भर. तिला कोरडी जागा दे.

वासराला आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत, ती चिकातूनच, म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या दुधातूनच, मिळतात. त्याचं आतडं ती तासागणिक कमी शोषतं, आणि २४ तासांनी ते दार जवळजवळ बंद होतं. म्हणून पहिल्या दोन तासांत, वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पाज. ३० किलोच्या वासराला साधारण तीन लिटर. गाईची वार (जार) पडायची वाट बघत बसू नकोस. गाय रात्री व्यायली तर रात्रीच उठायचं.

आणि घरची माणसं. पहाटे शेण काढणारी, धार काढणारी, वासरांना बघणारी. त्यांचं काम ‘घरचंच तर आहे’ या एका वाक्याखाली बुडतं, आणि ते बुडवणारेच सणासमारंभात त्यांचं तोंडभर कौतुक करतात. मला ते आवडत नाही. दुधाच्या पैशातला त्यांचा वाटा वहीत नावानिशी लिही आणि ठरल्या दिवशी हातात दे. गाईला सुट्टी नसते, पण माणसांना पाळी लावून देता येते. ती लावताना रात्रीची पहिली पाळी स्वतःकडे घे. घरची वडीलधारी मंडळी सुरुवातीला हसतील, वहीकडे बघून कदाचित रागावतीलही. तू वाद घालू नकोस, लिहीत राहा.

सध्या एवढं कर. कुठली गाय किती महिन्यांची गाभण आहे, कुठली कधी आटवायची आणि शिल्लक वैरण किती आहे, ते कागदावर मांडून मला पाठव. गर्भकाळ २८० दिवस धर, चार-पाच दिवस इकडेतिकडे होतात. यादी आली की खड्ड्याचं माप आपण मिळून ठरवू.

तुझी,
मावशी