मेनोपॉजच्या वयात पॅनिक अटॅक येतात. गोळ्या सोडून अॅक्युपंक्चर करून बघावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ४८, पाळी दोन-तीन महिन्यांनी कधीतरी येते, पॅनिक डिसऑर्डरचं निदान होऊन गोळी सुरू आहे, आणि मैत्रीण म्हणते, "गोळ्या टाकून दे, सुया घे." मी डॉक्टर नाही, पण याच वयात यातून गेले आहे. सुया घ्यायच्या तर खुशाल घ्या, गोळी मात्र टाकू नका.

ही चूक मी करून बसले. पहिल्या अॅक्युपंक्चरवाल्यांनी चौथ्याच सिटिंगला गोळी बंद करायला सांगितली आणि मी एका रात्रीत बंद केलीसुद्धा. तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात विजेचा चटका बसल्यासारखं व्हायचं. मळमळ, उगाचच रडू. मला वाटलं आजार उलटला. मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं, एसएसआरआय गटातली (चिंता-नैराश्यावर देतात ती) गोळी एकदम तोडली की असं होतं. ती कमी करायची तर हळूहळू, त्यांच्या देखरेखीखाली. मग मी गोळी पुन्हा सुरू केली आणि सुया टोचणारे बदलले.

सुया फार दुखतील अशी भीती असेल तर ती बिनबुडाची आहे. सुई केसासारखी बारीक असते, टोचताना मुंगी चावल्यागत वाटतं, मग आत जडपणा येतो. माझ्या ठरलेल्या जागा होत्या मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर (तिला नेइग्वान म्हणतात), पायाच्या घोट्यावर आतल्या बाजूला चार बोटं, आणि दोन भुवयांच्या मधे. पण सुया लावून वीस-पंचवीस मिनिटं हलायचं नसतं, आणि आपल्यासारखीला नेमकं तेच जड जातं. दुसऱ्याच सिटिंगला अंगातून वाफ निघाली, कपाळावर घाम फुटला, तो पुसायला हात उचलता येईना, आणि टेबलावरच अटॅक आला. नव्या बाईंना हे आधीच सांगितलं. त्यांनी पहिल्या दिवशी फक्त पायांना सुया लावल्या, डोकं उंच ठेवलं आणि हातात घंटी दिली. घंटी एकदाही वाजवली नाही, पण ती हातात होती.

उपयोग झाला का? थोडा. २०१६ साली ऑस्ट्रेलियात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३२७ बायका, ८ आठवड्यांत १० सिटिंग. काहींना खऱ्या सुया, काहींना बोथट टोकाच्या, कातडीत न शिरणाऱ्या. हॉट फ्लॅशचा, म्हणजे अंगातून अचानक वाफा निघण्याचा त्रास दोन्हीकडे सारखाच, साधारण ४० टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे अर्धा तास शांत पडून राहणं, कुणीतरी तुमची तक्रार मनावर घेणं, याचाही वाटा मोठा असणार. मला त्यात कमीपणा वाटत नाही, फक्त त्यासाठी दागिने मोडू नका. आणि हे झालं हॉट फ्लॅशचं. खुद्द पॅनिकसाठी भक्कम पुरावा आहे तो सीबीटीला (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी थेरपी) आणि या गोळ्यांना.

मला खरा फरक पडला तो एका वहीमुळे. रात्री दचकून जाग आली की लिहायचं: आधी काय आलं, उष्मा की भीती? हॉट फ्लॅश छातीतून मानेकडे चढतो, धडधड होते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरतो. पॅनिकमध्येही धडधड आणि घाम असतोच, म्हणून गल्लत होते. माझ्या वहीत बहुतेक रात्री उष्मा आधी होता. "आलाच अटॅक" हे मी स्वतःला सांगायचे आणि मग तो खरंच यायचा. ती वही मी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवली. त्यांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ईसीजी करून घेतलं, मग फ्लॅशवर स्वतंत्र उपचार सुरू केले. रात्रीच्या वाफा कमी झाल्या तशी भीतीही उतरली. तुमच्या या तपासण्या झाल्या नसतील तर सुयांच्या आधी त्या करा.

आणि हो, सुई दर वेळी तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढलेली हवी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा. पेसमेकर असेल तर करंटवाल्या सुया नकोत. छातीवर टोचायचं म्हणाले तर शिक्षण कुठलं ते विचारा. फुप्फुसाला इजा क्वचितच होते, पण होते.

मी अजून महिन्यातून एकदा जाते. गोळी निम्म्यावर आली आहे, डॉक्टरांनी पाच महिने घेऊन आणली. टेबलावर पडताना उजवा हात मोकळा ठेवायला सांगते, घाम पुसायला.