जुनं ग्रँड सेको क्रोनोग्राफ घेण्याआधी

ग्रँड सेकोचं (जपानी सेकोचा उंची ब्रँड) जुनं घड्याळ घ्यायला विक्रेत्याला पुण्याच्या कॅम्पात भेटणार आहेस ना? मग उजेडात भेट आणि घाई करू नकोस. त्यातलं ९आर८६ कॅलिबर, म्हणजे आतली यंत्रणा, स्प्रिंग ड्राइव्ह प्रकारची: ताकद चावीच्या मुख्य स्प्रिंगची, ताल क्वार्ट्झ स्फटिकाचा, बॅटरी नाही. क्रोनोग्राफ, म्हणजे घड्याळातलं स्टॉपवॉच, सुरू कर. त्याचा सेकंदकाटा टिकटिक न करता सलग सरकायला हवा, रीसेट केल्यावर नेमका बारावर यायला हवा. जरा इकडेतिकडे थांबला तर भाव पाडत बसू नकोस, सरळ नाही म्हण. ही दुरुस्ती लक्ष्मी रोडवरच्या चांगल्या घड्याळजीच्याही हातातली नाही, कंपनीच्या सर्व्हिसकडेच पाठवावं लागतं.

मग केस बघ, माझ्या मते खरी परीक्षा इथेच. झाराट्सू पॉलिशच्या (ग्रँड सेकोचं आरशासारखं पॉलिश) सपाट भागावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाड. रेघ सरळ दिसली आणि कडा बोटाला धारदार लागली तर मूळ पॉलिश शाबूत आहे. कडा गोलसर झाली असेल तर कोणीतरी बफ मारलाय, म्हणजे घासून पुन्हा चकाकी आणलीय; ती धार सहजी परत येत नाही. नव्यासारखं चकचकीत करून विकायला ठेवलेल्यापेक्षा बारीक ओरखडे असलेलं घड्याळ कधीही बरं.

मागचा सिरीयल क्रमांक वॉरंटी कार्डाशी ताडून घे. पट्टा लहान करताना काढलेल्या कड्याही मागून घे, नंतर शोधत फिरावं लागतं.