थिंग, डिंग आणि नॉर्वेची संसद

तुम्ही विचारलंय की इंग्रजीतला 'थिंग' आणि जर्मनमधला 'डिंग' म्हणजे साधी वस्तू, मग नॉर्वेच्या संसदेच्या 'स्टोर्टिंग' या नावात तो शब्द कसा आला. शब्द एकच आहे, फक्त क्रम उलटा आहे. सभा हा जुना अर्थ, वस्तू हा नंतरचा.

जुन्या जर्मॅनिक लोकांत (म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच, नॉर्वेजियन या भाषा ज्यांच्या बोलीतून आल्या त्या लोकांत) गावोगावचे मोकळे (म्हणजे गुलाम नसलेले) पुरुष ठरलेल्या दिवशी उघड्यावर जमायचे, जमिनीचे वाद, खुनाची भरपाई, सगळं तिथेच निकालात काढायचे आणि त्या जमण्यालाच थिंग म्हणायचे. आइसलँडची 'आल्थिंग' साधारण ९३० मध्ये सुरू झाली, तेव्हा कायदे लिहिलेले नव्हते, म्हणून एक माणूस खडकावर उभा राहून दरवर्षी एक तृतीयांश कायदे तोंडपाठ म्हणून दाखवायचा, म्हणजे तीन वर्षांत सगळे पूर्ण! मला तर हे वाचूनच भारी वाटतं. तिथल्या संसदेचं नाव आजही तेच आहे. स्टोर्टिंग म्हणजे मोठी सभा, १८१४ पासूनची.

आता सभेची वस्तू कशी झाली, तर सभेपुढे आलेलं प्रकरण तेही थिंग, मग कुठलीही बाब थिंग, आणि असं घासत घासत शेवटी समोर पडलेली कसलीही वस्तू थिंग. मधली पायरी डचमध्ये अजून दिसते, तिथे कोर्टातल्या खटल्याला 'खेडिंग' म्हणतात, त्यात हाच डिंग आहे. नॉर्वेजियनमध्ये तर दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात, 'एन टिंग' म्हणजे एक वस्तू आणि 'एट टिंग' म्हणजे एक सभा, फरक फक्त लिंगाचा.

लॅटिनचंही तसंच झालं, 'काउसा' म्हणजे खटला, त्यातून इटालियन 'कोझा' म्हणजे वस्तू. आणि आपली 'गोष्ट' बघा ना, संस्कृत 'गोष्ठी' म्हणजे मंडळी जमणं, गप्पा, आणि आपण आज "एक गोष्ट विसरलो" म्हणतो तेव्हा सभा कोणाच्या डोक्यातही नसते.

इंग्रजीत सभेचा अर्थ गेला पण गावांच्या नावांत राहिला, स्कॉटलंडचं डिंगवॉल म्हणजे थिंगचं मैदान, ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटाच्या संसदेचं 'टिनवाल्ड' हे नावसुद्धा तेच, दोन्ही नावं नॉर्स (म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन) लोकांनी ठेवलेली.